भिंगबाईनं सुटी केलेली दोन मिनिटं

माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे अक्काला, कापडगिरणीत सगळे भिंगबाई म्हणत. हे नाव कुणी प्रेमानं ठेवलेलं नव्हतं. एकोणतीस वर्षं ती तपासणीच्या टेबलाशी उभी राहिली. टेबलाला वर काच, काचेखाली दिवे, आणि काचेवरून दिवसभर कापड सरकत असायचं. कुठं धागा सुटलाय, कुठं दोन धागे चिकटलेत, कुठं तेलाचा डाग पडलाय ते बघायचं आणि खडूनं खूण करायची. शंका आली की गळ्यातलं भिंग कापडावर टेकवून धागे मोजायचे. तिनं खूण केली की खालच्या मजल्यावरच्या विणणाऱ्याला बोलावणं जायचं. मग तिच्याबद्दल कोण गोड बोलणार?

घरीही तेच. माझ्या लग्नाचे फोटो आले तेव्हा सगळे नवरीकडं बघत होते आणि ही म्हणाली, "मागच्या पडद्याची शिवण वाकडी आहे." स्वतःचं लग्न तिनं केलं नाही. "स्थळं आली होती, पण प्रत्येकात काही ना काही निघालं," असं ती स्वतःच सांगते, आणि त्याचं तिला वाईट वाटल्याचं मला कधी दिसलं नाही. आता ती त्र्याहत्तर वर्षांची आहे, मी अडुसष्टचा. मी पाणीखात्यात मीटर वाचायचो. आकडा दिसला, लिहिला, चला पुढच्या घरी. आम्हा दोघांच्या स्वभावातला फरक एवढ्यात आला.

तर मध्यंतरी कपाट आवरताना माझा जुना व्हिडिओ कॅमेरा सापडला. मुठीत मावणारा, छोट्या कॅसेटचा. सोबत एक कॅसेट होती आणि तिच्यावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'गिरणी, शेवटचा दिवस'. चोवीस वर्षांपूर्वी अक्काच्या गिरणीतला मागखाता कायमचा बंद झाला, त्या दिवशी मी नवा कॅमेरा मिरवायला तिथं गेलो होतो. शोक करायला गेलो होतो असं म्हटलं तर ते खोटं होईल.

अक्का समोर भाजी निवडत बसली होती. मी सहज म्हटलं, "यात तुझी ती मागवाली मैत्रीण आहे बघ. माझ्या कॅमेऱ्यासमोर येऊन दोन मिनिटं नुसती टाटा करत होती. मला हसू आवरेना."

अक्काचे हात थांबले. "दोन मिनिटं टाटा कुणी करतं का? ती बोलत होती."

त्या क्षणी मला स्वतःची जी लाज वाटली, ती अजून पुरती गेलेली नाही.

मागवाली जन्मापासून बहिरी. माग चालवायची म्हणून मागवाली. पण मागखात्यात दोनशे माग एकदम धडधडायचे, तिथं कुणालाच काही ऐकू यायचं नाही. बाकीच्या बायका ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायच्या आणि ही शांतपणे हातांनी गप्पा मारायची. हळूहळू सगळा मजला तिच्याकडून हातांचं बोलणं शिकला. तपासणीवाली असूनही अक्काचं तिच्याशी जमलं, कारण अक्कानं काढलेली खोट खरी असायची आणि मागवालीला खऱ्याचा राग येत नसे.

तिला एकच लेक, तीही बहिरी. नवव्या वर्षी तिला दुसऱ्या गावी, बहिऱ्या मुलांच्या शाळेत, वसतिगृहात ठेवलं. निघायच्या वेळी पोर इतकी चिडली की आई काही सांगायला लागली तेव्हा तिनं डोळे गच्च मिटून घेतले. ऐकणाऱ्या माणसानं कानात बोटं घालावीत, तसं. आई हात हलवत राहिली, गाडी निघाली, पोरीनं डोळे उघडले नाहीत. त्यानंतर दोन आठवड्यांनी मागखाता बंद झाला. आणि भेटीचा पहिला रविवार यायच्या आत मागवाली तापानं गेली.

पुढं सुट्ट्यांना ती पोर अक्काकडंच यायची. आता तेहेतीस वर्षांची आहे, शिवणकामाचं दुकान आहे, हाताखाली दोन बायका आहेत. अक्काला मावशी म्हणते, मला मामा. अक्काशी हातांनी बोलते, माझ्याशी फोनवर लिहून, कारण मी एवढ्या वर्षांत 'चहा' आणि 'नको' यापुढं काही शिकलो नाही. आई शेवटी काय सांगत होती, रागावली होती का, हे तिनं अक्काला किती वेळा विचारलं असेल याची गणती नाही. अक्का त्या वेळी तिथं नव्हती, काय सांगणार? आणि इथं माझ्या कपाटात तिची आई चोवीस वर्षं बोलत पडली होती.

मी कॅमेरा आणि कॅसेट घेऊन तडक बाजारातल्या दुकानात गेलो. 'जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर करून मिळतील' अशी पाटी होती. दुकानदारानं माझ्या कॅमेऱ्याला पिवळ्या टोकाची वायर लावली, वायरीला अंगठ्याएवढी डबी, डबी लॅपटॉपला. तासाभरात पेनड्राइव्ह माझ्या हातात. मी खुशीत. संध्याकाळी मागवालीच्या लेकीला बोलावलं आणि लावून दाखवलं.

तिची आई पडद्यावर आली. मागे लोकांची गर्दी, पुढं ती, आणि मनगटांच्या पुढं दोन ढग. हात हलला की बोटं विरघळत होती. लेकीनं ते आठ वेळा बघितलं, पुढं सरकून, मागं सरकून. मग फोनवर लिहिलं, "मामा, हात दिसतात. बोटं दिसत नाहीत." आणि खाली, "राहू दे."

ते 'राहू दे' मला फार लागलं. दुसऱ्या दिवशी दुकानदाराकडं जाऊन भांडलो. तो म्हणाला, "काका, चोवीस वर्षांची टेप आहे. यातून एवढंच निघणार."

घरी येऊन अक्काला सांगितलं. ती म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं. कॅमेरा आण इकडं."

तिच्या धंद्यातला पहिला नियम असा की डाग दिसला तर तो कापडात आहे की टेबलात, हे आधी बघायचं. काचेखालचा दिवा खराब असेल तर चांगल्या कापडावरही सावली पडते. म्हणून तिनं कॅसेट कॅमेऱ्यातच लावायला सांगितली. कॅमेऱ्याचा बाजूचा छोटा पडदा मधोमध तडकलेला, उजवा अर्धा भाग ठार काळा. पण डाव्या अर्ध्या भागात मागवालीचा एक हात दिसत होता. अक्कानं त्यावर भिंग टेकवलं.

"नखं मोजता येतात," ती म्हणाली. "माल चोख आहे. वाटेत खराब होतोय."

"मग इथंच वाच ना काय म्हणते ते."

"एका हातानं अर्धं वाक्य होतं. दुसरा हात त्या काळ्यात आहे." भिंग उचलून ती म्हणाली, "आणि माझ्या तोंडून तिला कशाला? तिला तिच्या आईकडूनच कळू दे."

झालं. आता वाट शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी चार दिवस इंटरनेटवर वाचत बसलो. समजलं ते असं. या कॅसेटवर चित्र मुळातच आकड्यांत लिहिलेलं असतं. पिवळी वायर त्या आकड्यांचं चित्र करते, डबी त्या चित्राचे पुन्हा आकडे करते, आणि फाइल लहान व्हावी म्हणून दुकानदारानं ती वर आणखी चेपली होती. आकडे म्हटल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. मीटर वाचायचा सोडून मीटरचं चित्र काढावं, आणि ते चित्र बघून दुसऱ्यानंच आकडा लिहावा, असला हा कारभार. असं कुणी आमच्या खात्यात केलं असतं तर साहेबांनी घरी बसवलं असतं.

आकडे जसेच्या तसे उतरवायला फायरवायर नावाची वेगळी वायर लागते, आणि तिचं भोक हल्लीच्या कॉम्प्युटरला नसतं. आमच्या जुन्या कॉम्प्युटरला होतं. तो गॅलरीत होता, त्याच्यावर प्लास्टिक, प्लास्टिकवर बायकोची कुंडी. आठ वर्षं ती मला तो भंगारात द्या म्हणत होती आणि आठ वर्षं मी कानाडोळा करत होतो. मी कुंडी उतरवली, पाठीमागची धूळ पुसली, आणि भोक सापडलं. वायर तर कॅमेऱ्याच्या मूळ खोक्यातच होती, पिशवीसुद्धा न फोडलेली.

"बघितलंस?" मी बायकोला म्हटलं. "टाकला असता तर?"

"अहो, ते ठीक आहे," ती म्हणाली, "पण माझी कुंडी आता कुठं ठेवू?"

पहिल्यांदा चित्र उतरवलं तेव्हा चौकटीभर चौकोन चौकोन फुटायला लागले. आवाज तुटत होता, मागवालीचा चेहरा फरशीच्या तुकड्यांसारखा. अक्का खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाली, "साफ कर."

"साफ केलं आणि सगळंच साफ झालं तर?"

"टेप नाही रे, कॅमेरा. धोटा मळला की वीण सुटते. आतला भाग मळलाय."

धोटा म्हणजे मागातला आडवा धागा नेणारा लाकडी तुकडा. त्याचा आणि कॅमेऱ्याचा काय संबंध, असं मी म्हणणार होतो, पण म्हटलं नाही, आणि बरं झालं नाही म्हटलं. कॅमेरा साफ करायची कोरडी कॅसेट मिळते, ती एका लग्नाच्या फोटोवाल्याकडं मिळाली. दहा सेकंद चालवली, काढली, पुन्हा उतरवलं. एकही चौकोन नाही. चित्र काचेसारखं स्वच्छ. मागवाली स्थिर उभी होती तेव्हा तिच्या ओढणीची किनार दिसत होती, मागच्या भिंतीवरचं घड्याळ वाचता येत होतं. मी आनंदानं टेबलावर थाप मारली.

मग तिनं हात हलवला, आणि हाताला कंगव्याचे दात फुटले. जिथं जिथं हालचाल, तिथं आडव्या रेघांची करवत. मी पुन्हा शोधलं. प्रोग्रॅममध्ये यावर डीइंटरलेस नावाचं बटण असतं. दाबलं. करवत गेली. मी अक्काला हाक मारली आणि हात बांधून मागं उभा राहिलो, बक्षीस समारंभाला उभा राहावं तसा.

अक्कानं बघितलं. "ही चार हातांची नव्हती."

खरंच, प्रत्येक हालत्या हाताच्या जागी दोन फिकट हात होते, एकावर एक. बोटं मोजली तर आठ-नऊ भरत होती. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "अक्का, जगातल्या प्रत्येक गोष्टीत खोट असतेच. चेहरा दिसतोय, घड्याळ दिसतंय, आता पुरे."

"चेहरा बघायला तिनं मागितलंय का?" ती शांतपणे म्हणाली. "मघाचं लाव. करवतीचं. आणि थांबव."

मी थांबवलं. तिनं भिंग थेट कॉम्प्युटरच्या पडद्यावर टेकवलं आणि मोजायला लागली. ओठ हलत होते. मी तिला असं मोजताना कितीतरी वर्षांनी बघत होतो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बायको चहा ठेवून गेली, तो गार झाला.

"हा दोष नाही," अक्का शेवटी म्हणाली. "ही वीण आहे."

"म्हणजे?"

"एक सोडून एक रेघ बघ. पहिली, तिसरी, पाचवी, या रेघांत हात इथं आहे. दुसरी, चौथी, सहावी, यांत तो बोटभर पुढं गेलाय. एक चित्र नाही हे. दोन वेळची दोन चित्रं एकमेकांत विणलीत. आणि तू काय केलंस, ती दोन्ही एकत्र चुरगाळलीस. धागे सुटे कर. दोन चित्रं वेगळी काढ."

मी पुन्हा वाचत बसलो, आणि काय सांगू, अक्षर न् अक्षर खरं निघालं. हा कॅमेरा अर्ध्या रेघा एका क्षणी टिपतो आणि उरलेल्या अर्ध्या पुढच्या क्षणी. सेकंदाला पंचवीस चित्रं दिसतात, पण आत पन्नास क्षण असतात. त्या बटणाच्याच खाली एक बारीक पर्याय होता, प्रत्येक चित्राची दोन करायचा. मधल्या रिकाम्या रेघा प्रोग्रॅम शेजारच्या रेघा बघून भरतो. पुस्तकं लिहिणाऱ्यांना जे माहीत होतं, ते माझ्या बहिणीनं भिंगानं मोजून काढलं होतं. मला तिचा इतका अभिमान वाटला की मी तिला तसं सांगूनही टाकलं. ती म्हणाली, "आधी काम कर."

केलं. आता बोटं दिसली. पाचच्या पाच, धारदार. पण हात थरथरत होते. पुढं जायचे, झटक्यानं मागं यायचे, पुन्हा पुढं. बघून डोळे दुखायला लागले. इथं मात्र माझे हात टेकले. मी प्रोग्रॅम बंदच करणार होतो.

"कुठली रेघ आधी घेतलीस?" अक्कानं विचारलं.

"म्हणजे काय, वरची. प्रोग्रॅम विचारतो, वरची आधी की खालची आधी. सगळं वरूनच सुरू होतं ना?"

तेव्हा ती हसली. त्या पंधरा दिवसांत पहिल्यांदा. "अरे, आधी कळस मग पाया? दुसरा क्षण आधी दाखवतोयस आणि पहिला नंतर. म्हणून बिचारीचा हात मागं येतोय. खालची आधी घे."

मी खालची आधी घेतली. एकच खूण बदलली. मागवाली कॅमेऱ्यासमोर आली, तिनं पदराला पुसावेत तसे ओढणीला हात पुसले, आणि बोलायला लागली. बोटं पाण्यासारखी वाहत होती. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण ते बोलणं आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं. टाटा म्हणे! मी अक्काकडं वळलो, तर ती पाठ करून बसलेली.

"बघ ना."

"आधी लेक बघेल," ती म्हणाली.

रविवारी सकाळी लेक आली. तिनं फार आशा धरली नव्हती. दुकानातून तशीच आली होती, गळ्यात मापाची टेप, कपड्यांना दोऱ्याचे तुकडे. मी तिला खुर्चीत बसवलं, अक्का शेजारी बसली, आणि मी बटण दाबलं.

पहिल्या दहा सेकंदांत तिची पाठ ताठ झाली. मग तिनं दोन्ही हातांनी खुर्चीच्या दांड्या घट्ट धरल्या आणि दोन मिनिटं पापणी हलवली नाही. मी पडद्याकडं बघितलंच नाही, तिच्या चेहऱ्याकडं बघत राहिलो. चित्र संपलं तेव्हा तिनं बोटानं खूण केली, पुन्हा. पुन्हा लावलं. या वेळी अक्कानं वाचलं आणि हळू आवाजात मला सांगत गेली.

मागवाली लेकीशी बोलत होती. पंधरा दिवसांनी येणाऱ्या रविवारी तिला भेटायचं होतं, पण तोवर दम निघत नव्हता, म्हणून ती समोर सापडलेल्या कॅमेऱ्याला सांगत होती. 'हा दादा तुला हे दाखवेल,' असं ती म्हणाली. दादा म्हणजे मी. हे ऐकून मला तिथं बसवेना, पण उठलो नाही.

'तू डोळे मिटलेस,' ती म्हणत होती. 'मी तुझ्याएवढी असताना माझ्या आईसमोर असेच मिटायची. माझी आई रडायची. मी नाही रडले, मला हसू आलं, म्हटलं माझीच पोर.'

मग तिनं दोन्ही तर्जन्या टोकाला टोक लावून झटकन वेगळ्या केल्या. ही मागखात्यातली खूण, धागा तुटला. मायलेकी घरी ती सगळ्याला वापरायच्या, बशी फुटली तरी, भांडण झालं तरी. 'धागा तुटला. माझे दिवसाला शंभर तुटतात. गाठ मारायची आणि माग चालू करायचा. मी रागावलेली नाही. तू कधीही डोळे उघड, मी समोर असो नसो, माझं बोलणं संपलेलं नसेल. आणि तुझ्या शाळेतल्या त्या नव्या बाईंचे हात फार सावकाश चालतात. त्यांना जरा शिकव.'

एवढंच. दोन मिनिटं.

शेवटच्या वाक्याला लेक हसली. मोठ्यानं, मोकळ्या गळ्यानं, जसं ती लोकांत कधी हसत नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती, आणि अक्काच्या दंडावर मारत होती, बघ, बघ काय म्हणते. अक्का, जिनं एकोणतीस वर्षांत कुणाच्या कापडाला बरं म्हटलं नाही, ती पडद्याकडं बोट दाखवून मला म्हणाली, "यात काही खोट नाही."

चौथ्या वेळी लावलं तेव्हा लेक खुर्चीतून उठली. पडद्यासमोर उभी राहिली आणि आईचं बोलणं चालू असतानाच तीही बोलायला लागली. दोघींचे हात एकाच वेळी, भरभर, एकमेकींना थांबू न देता चाललेले.

"काय म्हणतेय?" मी अक्काला विचारलं.

अक्कानं माझ्याकडं वळूनही बघितलं नाही. "चोवीस वर्षांचं आहे," ती म्हणाली. "तिला बोलू दे. तू ते पुन्हा लावायला तयार राहा."